आरंभीची शिल्लक

अमेरिका म्हटले की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते. "तिकडे सवलती नाहीत, ज्याच्या मनगटात जोर, तो वर येतो." कचेरीत जेवणाच्या सुट्टीत हे वाक्य आम्ही गेली वीस वर्षे ऐकतो आहोत. ते आमच्याकडे बघून बोललेले नसते, पण असते आमच्यासाठीच. आता वस्तीतली आपली शिकणारी मुलेही तेच बोलू लागली आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्वकर्तृत्व आणि संधीची समानता हे अमेरिकन विचाराचे दोन खांब. ते टाकाऊ आहेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकले, जॉन ड्यूई यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. पण बंधुभगिनींनो, एवढ्या अफाट कर्तृत्वालाही तेथे पोहोचायला सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती लागली.

आम्ही वाणिज्य शाखेचे. खाते तपासताना आम्ही आधी आरंभीची शिल्लक पाहतो. अमेरिकेचे खाते तसेच पाहू. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने किरकोळ फी भरून पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत जमीन सरकारने दिली. पुढे अशी सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. ही जमीन मूळची तेथल्या आदिवासींची. याला सवलत नाही तर काय म्हणायचे?

आणि गुलामांचे काय? जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन यांनी मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देवविली. एकाच्या खात्यात जमीन, दुसऱ्याच्या खात्यात शून्य. मग दोघांना सांगायचे, धावा! ही तफावत थोडी भरून काढण्यासाठी तेथेही कृष्णवर्णीयांचा विद्यापीठ प्रवेशात अनेक दशके विचार होत असे. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला.

आता आपल्या परभणी जिल्ह्याकडे या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १९९१ साली शासनाने निर्णय काढला, की १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील पात्र अतिक्रमणे नियमानुकूल करावीत. तरी आम्ही ज्यांचे अर्ज भरून देतो, त्यांतल्या एका मावशींचे नाव अजून सातबाऱ्यावर नाही. जमीन त्या कसतात, कापूस त्या वेचतात. पण सातबारा नाही म्हणून बँकेत पीककर्ज नाही. मग सावकाराचे दार. त्यांचा मुलगा बारावीला आहे. त्यालाही कोणीतरी मनगटाच्या जोराची गोष्ट सांगतोच आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते, की राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता हा विसंगतीचा संसार फार काळ चालणार नाही. हा इशारा मुलांना समजावून सांगितला पाहिजे.

मुलांनी अमेरिकेला जरूर जावे. तिथली मेहनत, वक्तशीरपणा, प्रश्न विचारण्याची सवय जरूर घ्यावी. मात्र कोणी गुणवत्तेचा हिशेब मांडू लागला, तर खाली मान न घालता आरंभीची शिल्लक किती होती, एवढे विचारावे. आणि सुट्टीत गावी आल्यावर शेजारच्या मावशींचा अर्ज भरून द्यावा.