काटा कोणाच्या हाती?

घोड्यांच्या शर्यतींविषयी शिरूर कासारच्या मनुष्याने लिहावे, ह्याचे वाचकांस नवल वाटेल. सिंदफणेच्या काठच्या आमच्या गावी ना शर्यतीचे मैदान, ना जातिवंत घोड्यांची पागा. दिवाळीच्या सुमारास तालुक्यातील कितीतरी बिऱ्हाडे कोयते घेऊन उसाच्या मुलखात जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्यांची मजुरी टनावर ठरते. ऊस त्यांनी तोडायचा, वजन मात्र दुसऱ्याच्या काट्यावर व्हायचे. त्यामुळे 'काटामारी' हा शब्द आमच्याकडे शाळकरी पोरालाही समजावून सांगावा लागत नाही. अशा गावात वाढलेल्या माणसाला कोणताही व्यवहार दिसला, की पहिला प्रश्न सुचतो तो हा, की काटा कोणाच्या हाती आहे? शर्यतींनाही हा प्रश्न विचारून पाहावा, असे मला फार दिवस वाटत होते.

शर्यत म्हणजे केवळ वेग, अशी आपली भाबडी समजूत असते. वस्तुतः तिच्यात वजनाचा भाग मोठा आहे. पुष्कळ शर्यतींत घोड्याच्या मागील कामगिरीवरून त्याची प्रत ठरवतात. सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, दुबळ्याच्या पाठीवर कमी. जॉकी हलका असला तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून उणीव भरून काढतात. धावण्यापूर्वी जॉकीला खोगिरासह जोखतात आणि धावून आल्यावर पुन्हा जोखतात. हेतू उदात्त आहे: सर्वांना सारखी संधी मिळावी. परंतु ह्या न्यायाच्या भिंतीतच अन्यायाची फट आहे. चांगल्या घोड्याचा लगाम दोन-चार शर्यतींत हळूच आवरून धरला, की त्याची प्रत उतरते, पाठीवरचे वजन घटते आणि बुकीकडे त्याचा भाव चढतो. मग एके दिवशी लगाम सैल सुटतो. त्या दिवशी कमावतो कोण आणि गमावतो कोण, हे सांगायला नकोच.

घोड्याच्या बाबतीतली लबाडी काही आजची नव्हे. हजिरीच्या दिवशी उसनी जनावरे उभी करून पगार उपटणाऱ्या स्वारांना आळा बसावा, म्हणून अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली, आणि पुढे अकबराला ती नव्याने सुरू करावी लागली. इंग्लंडात १८४४ साली एप्समच्या डर्बीत 'रनिंग रेन' नावाचा घोडा पहिला आला. डर्बी ही तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत. पण हा घोडा वास्तविक चार वर्षांचा 'मॅकाबियस' होता! प्रकरण न्यायालयात गेले. वयाची साक्ष दात देतील म्हणून न्यायाधीशांनी घोडा हजर करण्यास सांगितले, तेव्हा घोडाच नाहीसा झालेला. घोडा खोटे बोलत नाही, म्हणून त्यालाच दडवावे लागले.

आज अशी तोतयेगिरी अवघड झाली आहे. जातिवंत घोड्यांची वंशावळ पुण्यात नोंदली जाते, रक्ताच्या परीक्षेने आईबाप पडताळता येतात, उत्तेजक द्रव्यांसाठी मूत्र तपासले जाते, धावेवर कॅमेऱ्यांची नजर असते. तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. आमच्या गल्लीतील एका वृद्ध मुकादमाबरोबर मी एकदा महालक्ष्मीच्या मैदानावर गेलो होतो. जॉकीला दोनदा जोखतात हे मी त्याला कौतुकाने सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, दोनदा जोखतेत हे लई बरं हाय, पर जोखणारा कोणाचा माणूस?"

ह्या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासूनचे. शर्यतींना सरकारी परवाना लागतो. त्यासाठी १९१२ चा कायदा आहे. परंतु नियम करणे, प्रशिक्षकांना व जॉकींना परवाने देणे, शर्यती भरवणे, टोटवर पैसे स्वीकारणे आणि गुन्हा घडल्यास शिक्षा करणे, ही सर्व कामे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब ह्या एकाच संस्थेकडे आहेत. तिची समिती सभासद निवडतात, आणि सभासदांत घोड्यांचे मालकही असतात. घोड्यातले मालकांनाच कळते, हा ह्या व्यवस्थेच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. ब्रिटनमध्ये जॉकी क्लबने तो दोन शतकांहून अधिक काळ चालवला. परंतु तेथेही २००७ पासून नियमन स्वतंत्र संस्थेच्या हाती आहे. अमेरिकेने २०२० साली त्यासाठी कायदाच केला. मालक सारे अप्रामाणिक असतात असा ह्याचा अर्थ नव्हे. पंच निर्दोष असणे पुरेसे नाही, तो निर्हेतुक दिसलाही पाहिजे, एवढाच अर्थ.

ही श्रीमंतांची करमणूक आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण मैदानाची जमीन सार्वजनिक आहे. २०२४ साली तिच्यातील १२० एकर लोकांच्या उद्यानासाठी घेण्यात आली आणि ९१ एकर भाडेपट्ट्याने क्लबकडे राहिली. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली शर्यतीला जुगारातून वेगळे काढले ते एकाच आधारावर, की तिच्यात नशिबापेक्षा कौशल्याला प्राधान्य आहे. ज्या क्षणी लगाम मुद्दाम आवरला जातो, त्या क्षणी हा आधारच निखळतो. मग उरते ती फसवणूक. जुगारात निदान फासे तरी कोणाचे मिंधे नसतात.

आणि संशयाची झळ लबाडापेक्षा सरळ माणसालाच अधिक बसते. पहाटे अंधारात घोड्याला खरारा करणारा मोतद्दार, मनापासून घोडा हाकूनही हरलेला तरुण जॉकी, ह्यांच्या कष्टावर प्रेक्षकांतून "ठरलेलेच होते" असा शेरा पडतो, तेव्हा त्यांची बाजू मांडायला कोणी नसते. घोड्याला तर वाचाच नाही. स्वतंत्र पंच हवा, तो ह्या मुक्या आणि दुर्बळ मंडळींच्या अब्रूसाठी.