पोरीच्या कागदांसाठी: जुन्नर-आंबेगावहून पत्रं

जुन्नर, सोमवार रात्र

अहो,

पोचले. फोन लावला तर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून दिलात, ड्युटीवर असणार. म्हणून वहीच्या पानावर लिहिते. सकाळी वन्संचा मुलगा फोटो काढून पाठवील. मोबाइलवर मराठी टाइप करत बसण्याइतका जीव अंगठ्यात उरलेला नाही.

कल्याणला गाडी वेळेवर सुटली, पण मुरबाडपर्यंत उभी होते. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बाप्या माणूस शोधावा लागतो. माळशेजला सगळे खिडकीतून हात बाहेर काढून धबधब्याचे फोटो घेत होते, मी तेवढ्यात डोळा लावून घेतला. ओतूरला उतरून जुन्नरची गाडी धरली. शिवनेरी ढगात होता.

वन्संनी मासवडी केली होती. अहो, तुमच्या बहिणीशी माझं कितीही वाजलेलं असो, मासवडी करावी तर तिनेच. उकळत्या पाण्यात बेसन घोटताना एक गुठळी राहू दिली नाही. मग ओल्या फडक्यावर ते पातळ थापायचं, वर तीळ-खोबरं-लसणाचं सारण पसरायचं, फडक्यासकट वळून माशाच्या आकारात दाबायचं आणि गरम असतानाच सुरीनं कापायचं. रस्सा असा की डोक्यावरून घाम निघाला. बाहेर पावसाचा गारठा, अंगात शाल नाही. मला वाटलं जुलै आहे, मुंबईसारखंच असेल. तीन वड्या जास्त खाल्ल्या, रात्री त्रास होणार.

आता मुद्द्याचं. सासऱ्यांची पत्र्याची पेटी उघडली. गिरणीचं ओळखपत्र, फाटकं रेशनकार्ड, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका आणि विम्याच्या पावत्या एवढंच निघालं. पोरीच्या जातीच्या दाखल्यासाठी हवा तो त्यांचा शाळेचा दाखला नाही. पोरगी सातवीत असल्यापासून मी म्हणत होते, गावाला जाल तेव्हा दाखल्याचं बघा. तुम्ही दर वेळी हुरडा खाऊन परत. आता फॉर्म भरायचे दिवस आले आणि मी इथे झुरळं झटकत बसले आहे.

वन्संना काही कळत नाही असं नाही, पण त्यांनी विचारलंच, "डिप्लोमा झाला ना पोरीचा? मग नोकरीला लावा की, परत कॉलेज कशाला?" मी जेवता जेवता समजावलं. दहावीनंतर तिने पॉलिटेक्निक धरलं म्हणून अकरावी-बारावी आणि सीईटीच्या क्लासचे पैसे वाचले. आता डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. त्याला वेगळी परीक्षा नाही, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचे टक्के बघतात. जागा मात्र थोड्या. मंजूर जागांच्या वर दहा टक्के, आणि पहिल्या वर्षाच्या ज्या रिकाम्या राहिल्या त्या. व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी रिकामी जागा राहणार कुठून? साठाच्या वर्गामागे सहा. त्या सहांत आपली.

वन्सं म्हणाल्या, "म्हणजे मागच्या दारानं." मी म्हटलं, मागचं दार असतं तर एवढी गर्दी नसती. तीन वर्षं वर्कशॉप आणि सबमिशन करून 92 टक्के आणलेत तिने. मग त्यांनी आणखी एक वडी वाढली आणि विषय संपला.

उद्या घोडेगाव.


घोडेगाव, बुधवार, दुपारी लिहायला घेतलं ते रात्री संपवते

अहो,

काल इथे आले. भावोजी स्टँडवर घ्यायला आले होते. जाऊबाईंची तब्येत आता ठीक आहे, गुडघ्याचं ते तेल पोचलं म्हणाल्या. घरात सगळे कपडे ओले, चुलीच्या वर दोरी बांधून वाळवतात, त्यामुळे माझ्या साडीला आता धुराचा वास आहे. मला जाऊबाईंची शाल मिळाली. ती मी परत करीन असं वाटत नाही.

शाळेचं काम झालं. सासरे शिकले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली, हे लग्न झाल्यापासून ऐकत आले होते, पण गाव बुडालं तर शाळेचं रजिस्टर कुठे जातं हा विचार कधी केला नव्हता. तर ते माणसांबरोबर वर येतं. पुनर्वसन वसाहतीच्या शाळेत कपाटात, तांबड्या फडक्यात बांधलेलं. मुख्याध्यापक बाई चांगल्या होत्या, स्वतः स्टुलावर चढल्या. पानं अशी की हात लावला तर तुकडा पडेल. दाखल 1953. जन्मतारीख 1 जून, त्या पानावरच्या बहुतेक पोरांची 1 जूनच आहे, गुरुजींनी एका दिवसात सगळ्यांना जन्माला घातलं. नाव आहे, बापाचं नाव आहे, गाव आहे, जात स्वच्छ अक्षरात आहे. आडनाव नाही! जागा मोकळी. भावोजी हसायला लागले. मला हसू आलं नाही.

बाईंनी उतारा दिला, शिक्का मारला, चहाही दिला. आडनावासाठी आता वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं, त्यावर सासरे, तुम्ही दोघे भाऊ आणि तुमच्या खाली पोरं. बरं, भावोजींच्या थोरल्याची जात पडताळणी आधीच झालेली आहे. सख्ख्या चुलत भावाचं वैधता प्रमाणपत्र म्हणजे अर्धं काम झालं असं सगळेच म्हणतात. त्याची प्रत घेतली. तीन प्रती काढल्या, इथे झेरॉक्स दोन रुपये, आपल्याकडे नाक्यावरचा पाच घेतो.

आणि आता कार्यालयातल्या एका माणसाचं सांगते, नाही तर मला झोप येणार नाही. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, फोटो भावोजींच्या फोनवरून येणार आहे आणि त्यांना इथेच राहायचं आहे. लोकांना बसायचं बाक एकच. त्यावर साहेबांची छत्री उघडी, वाळत घातलेली. बाकाच्या दोन्ही टोकांना दोन म्हाताऱ्या छत्रीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बसलेल्या. मी उभी. साहेब मान वर न करता म्हणाले, "पत्ता मुंबईचा. मुंबईला काढा दाखला." मी म्हटलं, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 ला कुटुंब जिथे राहत होतं तिथून दाखला निघतो, आणि त्या दिवशी हे कुटुंब या तालुक्यात होतं. "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, तुमच्या मागच्या भिंतीवर लिहिलंय. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायले. मग दुसरी बशी. मग म्हणाले, "उद्या या."

मी छत्री मिटली आणि बाकावर बसले. अर्ध्या तासानं माझा कागद घेतला. छत्रीबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही, पण त्या म्हाताऱ्यांतल्या एकीनं मला शेंगदाणे दिले.

संध्याकाळी भावोजींनी धरणाकडे नेलं. हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणून पाटी आहे, बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पाणी अजून खाली आहे, भावोजी बोट दाखवून "शाळा तिथे, पार तिथे" सांगत होते, मला नुसता चिखल दिसत होता. मग त्यांचं नेहमीचं सुरू झालं. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, चार जुन्नरला आणि हे एक आंबेगावात, गावं आमची गेली, आणि पाणी चाललं श्रीगोंदा-कर्जत-करमाळ्याला. मी हो हो म्हणत होते. पाय गारठून बधिर झाले होते. जाऊबाईंनी आल्यावर नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी दिली. चुलीपाशी बसून खाल्ली आणि तिथून उठूच नये असं वाटलं. तुम्ही काय जेवलात? बाहेरून मागवलं असणार, मला विचारू नका मी कसं ओळखलं.


मंचर, गुरुवार

थोडंच लिहिते, हॉटेलच्या टेबलावर आहे आणि वेटर ते पुसायची वाट बघतोय.

जातीच्या दाखल्याचा अर्ज दाखल झाला. जुन्नर आणि आंबेगाव दोन्हीचं प्रांत कार्यालय मंचरलाच, त्यामुळे दोन्ही तालुक्यांतली पोरं आणि त्यांचे आईबाप इथे एका जिन्यात. हातात सगळ्यांच्या तीच प्लास्टिकची पिशवी. एक बाई ओतूरहून पहाटे निघालेली, मुलगा नर्सिंगला. एका गृहस्थांचा कांदा बाजार समितीत उतरवलेला, लिलाव चुकेल म्हणून दर पाच मिनिटांनी फोन. इथला माणूस नीट बोलला, आडनावाचं प्रतिज्ञापत्र आणि सासऱ्यांचं गिरणीचं ओळखपत्र बघितलं, एवढंच विचारलं की ही पोरगी नात का. ओळखपत्र कामाला आलं, पेटीला मी उगाच बोलले.

बाहेर टायपिंगवाल्यानं मात्र डोकं फिरवलं. पाचशेचा स्टॅम्प आणा म्हणाला. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे, मी पेपरात वाचलंय. तो म्हणतो, "ताई, माफ आहे, पण आणा." मी नाही आणला. साध्या कागदावर घेतलं. पाचशे वाचले, त्यातले साठ मिसळीला गेले, पाव वेगळे.

तुमचं काम: गेल्या तीन वर्षांचे पगाराचे कागद काढून ठेवा. नॉन-क्रीमीलेअर आपल्याला तिकडेच काढायचं आहे, आणि ते पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं. फी माफीसाठीही उत्पन्नाचा दाखला लागेल. 2024 पासून आठ लाखांच्या आतल्या ओबीसी मुलींची शिकवणी फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश सरकारी फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याची भाषा करणाऱ्या तुमच्या त्या मित्राला हे सांगा.


अवसरी खुर्द, शुक्रवार

अहो,

भावोजींच्या धाकट्याबरोबर आले. थोरल्यासारखाच पोरगा, फक्त बोलत नाही. त्याचाही डिप्लोमा इथल्या शासकीय पॉलिटेक्निकमधून झाला, त्याला काही कागद घ्यायचे होते. इंजिनिअरिंगचं सरकारी कॉलेजही इथेच, अवसरीला. जाऊबाईंचं म्हणणं, रस्ता ओलांडला की डिग्री, मग पुण्या-मुंबईला जाऊन खोलीचं भाडं कशाला? म्हैस व्यायला झाली आहे, आणि हा घरी असला की धार काढतो. चुकीचं बोलत नाहीत त्या.

पण कॅन्टीनमध्ये भजी खाताना त्यानं मला त्याचा विकल्प फॉर्म दाखवला. एक नंबरला सीओईपी. दोनला व्हीजेटीआय. अवसरी पाचवी. मी म्हटलं, आईला माहीत आहे? गप्प. मग म्हणाला, "काकू, आईला वाटतंय अवसरी पहिली आहे." भज्यांचा खर्च मी दिला, आणि आता हे ओझं माझ्या डोक्यावर. तुम्हाला सांगते आहे कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, पण भावोजींशी फोनवर एक अक्षर बोलायचं नाही. हे पान त्याच्याच फोनवरून पाठवते आहे.

त्यानं जे समजावलं ते पोरीला वाचून दाखवा. यादीत वरून खाली जातात, आपल्या गुणांना आणि गटाला जिथे जागा आहे तिथे थांबतात. व्हीजेटीआय पहिली लिहिली आणि नाही मिळाली, तर खालच्या कॉलेजवरचा हक्क एका तिळानंही कमी होत नाही. उलट जवळचं, "हे तर मिळेलच" असं कॉलेज भीतीपोटी पहिलं लिहिलं आणि ते लागलं, की पहिली पसंती म्हणून जागा आपोआप पक्की होते. पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद. मागल्या वर्षी त्याच्या पुढच्या वर्गातल्या एका हुशार मुलीचं असंच झालं, बापानं क्रम लावला होता.

तुम्ही गेल्या आठवड्यात म्हणालात ना, घराजवळचं कॉलेज वर टाकू, रिक्षाचे पैसे वाचतील? ते विसरा. हवं ते वर, त्याहून थोडं कमी हवं ते खाली, आणि जिथे ती जाणारच नाही ते लिहायचंच नाही.

आणखी दोन गोष्टी. जात पडताळणीचा अर्ज पुण्याच्या समितीकडे, त्याची पावती सध्या चालते असं पोरगा म्हणतो. पण मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर राखीव जागा हातची जाते, तेव्हा दाखला हातात आला की दुसऱ्या दिवशी पुण्याला जायचं, आणि या खेपेला तुम्ही. दुसरं, दुसऱ्या वर्षाचं गणित डिप्लोमाच्या मुलांना जड जातं. बारावीवाल्यांचा दोन वर्षांचा सराव असतो, यांचा नसतो. त्यानं सीनिअरकडून वह्या मिळवल्या आहेत, सुट्टीत सोडवतोय. त्यातल्या अर्ध्या मी झेरॉक्स करून आणते आहे, पोरीनं मालिका बघणं आजपासून बंद.

पोरगा सीओईपीला लागेल का? त्याचे टक्के आपल्या पोरीपेक्षा जास्त आहेत. 1854 चं कॉलेज आहे ते, 2022 पासून स्वतंत्र विद्यापीठ, हे सगळं त्याला पाठ. म्हशीचं काय ते त्यालाही माहीत नाही. घरी परतल्यावर जाऊबाईंनी मला विचारलं, "तुम्हाला काही बोलला का?" मी म्हटलं, गणिताबद्दल बोलला.

शनिवारच्या गाडीनं निघते, दुपारी कल्याण. वन्संनी आणि जाऊबाईंनी मिळून तांदूळ, नाचणी आणि हिरव्या मिरच्यांची पिशवी दिली आहे, शिवाय शाल. मला एकटीला उचलणार नाही, तेव्हा स्टँडवर या. शिफ्ट बदलून मिळाली नाही तर पोरीला पाठवा, छत्री देऊन. आणि तिला सांगा, फॉर्मचा पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. बाबांनाही नाही.

तुमची