बीडची माती आणि जीपचे गुडघे

वीकएंडला काहीतरी हटके हवंय? बालाघाटात जा. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह नेणार असाल, तर निघण्याआधी पुढच्या चाकांमागे एकदा वाकून बघा!

लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग. पुण्या-मुंबईकडच्या ऑफिसवाल्यांचा वीकएंडचा नकाशा साधारण इथेच संपतो. बीड म्हटलं की आपल्याला दुष्काळ आणि ऊसतोड कामगार एवढंच आठवतं. पण पावसाळ्याच्या शेवटी अहिल्यानगरहून जामखेडच्या रस्त्याला लागा. जामखेड मागे पडलं की सौताड्याला विंचरणा नदी थेट दरीत उडी घेते. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मांजरसुंब्याजवळ कपिलधारला धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी. बीडच्या अलीकडे पालीजवळ बिंदुसरेचं धरण. एवढं सगळं एका रस्त्यावर, आणि गर्दी बेताची.

डांबरी रस्त्यावर कुठलीही कार चालेल. मजा येते ती शेतातल्या पाणंदींवर आणि ओढ्यांत, आणि तिथे जीपच हवी. आमच्या ग्रुपकडे महिंद्राची जुनी सीजे-3बी आहे, उंच बॉनेटवाली. 1947 मध्ये विलीज जीपचे सुटे भाग आणून महिंद्राने जोडायला सुरुवात केली, त्याच खानदानातली. या ट्रिपमध्ये पुढच्या डाव्या चाकामागे तेलाचा ओघळ दिसला, म्हणून बीडमधल्या एका गॅरेजला थांबलो. तिथल्या चाचांनी खाली वाकून बघितलं आणि निकाल दिला, ‘‘तेल टाकलं की टिकत नाही, ग्रीस टाकलं की हलत नाही. आता बोला, काय टाकू?’’

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांना दोन कामं असतात, वळायचं आणि ओढायचंही. म्हणून अ‍ॅक्सलच्या टोकाला गुडघ्यासारखा सांधा असतो. हाच स्टिअरिंग नकल. जुन्या जीपमध्ये तो लोखंडी गोळ्यात बंद असतो. आत फिरणारा जॉइंट, वर-खाली किंगपिनचे बेअरिंग, आणि बाहेरून रबर व नमद्याचं सील. चाक वळतं तेव्हा हे सील गोळ्यावरून घासत जातं.

आणि इथेच बीडची हवा-माती आडवी येते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि तेल आणखी पातळ होतं. वाऱ्याबरोबरची धूळ सीलखाली शिरून सँडपेपरचं काम करते. गेवराई-माजलगावकडे गोदाकाठची काळी माती चिकटली की वाळून दगड होते. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर सील फाटतं आणि ओढ्यातलं पाणी आत शिरतं.

मग भरायचं काय? गॅरेजमध्ये दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, नव्वद नंबरचं गिअर ऑइल. ते कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं, पण जुन्या सीलमधून गळतं. दुसरं, चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस. ते गळत नाही, म्हणून मालक खूश! पण फिरणारा जॉइंट ते एकदा बाजूला ढकलतो आणि ते तिथेच बसून राहतं. वरचं किंगपिन बेअरिंग कोरडं पडू लागतं, झिजतं, आणि मग घाटात एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थरथरतं. मांजरसुंब्याच्या उतारावर तो अनुभव कुणालाच नको.

मधला मार्ग आहे: सेमी-फ्लुइड, म्हणजे वाहतं ग्रीस. ग्रीसचा घट्टपणा एनएलजीआय नंबरवर मोजतात, 000 पासून 6 पर्यंत. 25 अंश सेल्सिअसला ठरावीक वजनाचा शंकू ग्रीसमध्ये सोडतात आणि तो किती रुतला ते बघतात. दोन नंबरच्या ग्रीसमध्ये तो साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर रुततो, 00 मध्ये चार सेंटिमीटरहून जास्त. 00 किंवा 0 नंबरचं ग्रीस बाजूला सरलं तरी पुन्हा जागेवर येतं, आणि तेलासारखं भराभर निसटत नाही. लॅंड रोव्हरनेही आपल्या बंद नकलसाठी पुढे तेल सोडून असंच पातळ ग्रीस वापरलं.

चाचांना हे सांगितलं तर ते हसले. ‘‘बराबर हाय. पर आधी सील बघू. फाटक्या पिशवीत काय बी भरा, सांडणारच.’’ हीच खरी गोष्ट. घट्ट ग्रीस गळती थांबवत नाही, नुसती लपवतं. नकलमधला माल दुधासारखा पांढरट दिसला तर पाणी शिरलंय. तो अचानक पातळ झाला असेल, तर अ‍ॅक्सलच्या आतलं सील गेलंय आणि डिफरेन्शियलचं तेल इकडे येतंय. आमच्या जीपचं बाहेरचं सील गेलं होतं. गोळा पॉलिश पेपरने घासला, नवं सील बसवलं, जुना माल डिझेलने धुऊन काढला आणि मगच नवं ग्रीस भरलं. अर्धा दिवस गेला. त्या वेळात आम्ही सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर बघून आलो.

दुसऱ्या दिवशी दोन ओढे पार केले. संध्याकाळी गोळ्यावर बोट फिरवलं. तेलाचा पातळसा थर, ओघळ नाही. अगदी एवढाच ओलावा हवा!

निघण्याआधी
– गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते आधी वाचा.
– लिथियम बेसचं, ईपी अ‍ॅडिटिव्ह असलेलं 00 किंवा 0 नंबरचं ग्रीस मागा. कोपऱ्यावरच्या दुकानात नसेल तर इंडस्ट्रियल लुब्रिकंटच्या डीलरकडे विचारा.
– वेगवेगळ्या बेसची ग्रीस एकत्र करू नका.
– खोल पाण्यातून गेलात, तर घरी आल्यावर नकलचा प्लग उघडून आतला माल बघा.

कसं जाल?
पुण्याहून अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा करत बीड. छत्रपती संभाजीनगरहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग थेट बीडला पोचवतो. धबधब्यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर बेस्ट!