बी फॉर्म

पक्षाचा उमेदवार कोण, हे निवडणूक अधिकाऱ्याला कळवणारा कागद. दिसायला साधा. एका पानाचा, रकाने आखलेला, खाली पक्षाच्या अधिकृत माणसाची सही आणि शिक्का. सहीच्या बाबतीत मात्र भलताच सोवळा: ती शाईचीच हवी, रबरी शिक्क्याची सही त्याला चालत नाही. वेळेचाही कडक. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडला तर त्याच्यासारखा बलवान नाही. 3 वाजून गेले की रद्दी.

गोकुळ रोडने त्याच्यासाठीची धावपळ पुष्कळ पाहिली आहे. हुबळीचा विमानतळ याच रस्त्यावर. निवडणूक लागली की इच्छुक इथूनच बंगळूर-दिल्ली गाठतात.

जुनी ओळख धरणं बी फॉर्मच्या स्वभावात नाही. जगदीश शेट्टर 1994 पासून सलग 6 वेळा आमदार, 2012-13 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री. हुबळी-धारवाड मध्य मतदारसंघ म्हणजे शेट्टर, असं सगळे धरूनच चालले होते. एप्रिल 2023 मध्ये विधानसभेसाठी भाजपच्या याद्या निघाल्या. पहिलीत त्यांचं नाव नाही, दुसरीत नाही. 17 एप्रिलला तिसरीत आलं महेश टेंगिनकाई यांचं. त्याच दिवशी शेट्टर काँग्रेसमध्ये गेले आणि मेमध्ये 34 हजारांहून जास्त मतांनी पडले.

आघाडीवरचा माणूस अडखळतो तो इथे. आपली मतं किती आणि चिन्हाची किती, हा हिशेब त्याने कधी मांडलेलाच नसतो. दोन्ही एकाच पेटीत पडत आलेली असतात. बी फॉर्म दुसऱ्याकडे गेला की ती वेगळी होतात. अथणी मतदारसंघात लक्ष्मण सवदींचाही पत्ता भाजपने तेव्हाच कापला. तेही काँग्रेसमध्ये गेले, पण 75 हजारांवर मताधिक्य घेऊन आले. माझ्या मते अथणीची गावं सवदींची होती; हुबळीतला बूथवरचा कार्यकर्ता पक्षाचा होता.

अमेरिकेत 2008 साली पक्षाचा उमेदवार ठरवताना आयोवात हिलरी क्लिंटन तिसऱ्या आल्या. त्यांना मागे टाकलं ते थंडीत घराबाहेर पडून सभांना आलेल्या साध्या मतदारांनी. आपल्याकडे हा निवाडा बंद दाराआड होतो, मतदाराला कोणी विचारत नाही. कारणही सांगितलं जात नाही. हे मला फार सलतं.

बी फॉर्मच्या अंगावरचा एक रकाना जवळून पाहावा: पर्यायी उमेदवाराचा. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला किंवा त्याने माघार घेतली, तर पक्षाचा माणूस कोण, ते नाव तिथे लिहायचं. आपल्याला पर्यायच नाही असं मानणाऱ्याच्या फॉर्मवरही तो रकाना छापलेला असतोच.

जानेवारी 2024 मध्ये शेट्टर भाजपत परतले. त्या वर्षी बी फॉर्मवर त्यांचं नाव आलं, पण बेळगाव लोकसभेसाठी. तिथून ते खासदार झाले. हुबळी-धारवाड मध्य टेंगिनकाईंकडेच राहिला.