वाशीहून बेलापूर, व्हाया घोडा

मित्राला रिव्हॉल्वर घ्यायचं होतं. त्या निमित्ताने नवी मुंबईत मारलेली ही एक वेगळीच चक्कर...

'शनिवारी काय करतोयस? घोडा बघायला जायचंय.'

शेठचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पठ्ठ्या माथेरानचा प्लॅन करतोय. म्हटलं, 'पावसाळ्यात? घसरतील की घोडे!' पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, 'तो घोडा नाही रे. खिशातला.'

आणि माझी ट्यूब पेटली.

शेठ म्हणजे माझा कॉलेजचा दोस्त. वाशीत त्यांचं छोटंसं सराफी दुकान आहे, म्हणून नाव शेठ. बाकी थाट काही नाही. जुलै २०२४ मध्ये खारघरच्या एका सराफी दुकानात तिघे पिस्तुलं घेऊन शिरले, गोळ्या झाडल्या आणि काही मिनिटांत लाखोंचे दागिने घेऊन पळाले. ती बातमी आल्यापासून शेठचे बाबा शटर पाडताना तीनदा मागे वळून बघतात. महिन्यातून तीन-चार वेळा माल घेऊन त्यांना झवेरी बाजारात जावं लागतं. पासष्टीचा माणूस, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत दुसऱ्यांचं सोनं!

आणि खरं सांगू? मी काही फक्त मित्राला कंपनी द्यायला निघालो नव्हतो. ऐरोलीला माझं ऑफिस. एकदा रात्रीच्या शिफ्टनंतर चालत येताना बाइकवरच्या दोघांनी माझी बॅग हिसकावली होती. लॅपटॉपचं दुःख महिनाभरात संपलं, पण मागून बाइकचा आवाज आला की अजूनही माझे खांदे आखडतात. त्यामुळे 'रोज जवळ बाळगता येईल असा, परवडणारा, भरवशाचा घोडा' हे शेठचे शब्द ऐकून माझेही कान टवकारले गेले.

स्टेशन पहिलं: चुकीचं स्टेशन

हार्बरने सीएसएमटी गाठली. दक्षिण मुंबईतलं एक जुनं बंदुकांचं दुकान. लाकडी कपाटं, तेलाचा वास आणि गल्ल्यावर चष्मा नाकावर आलेले एक काका. आम्ही दोघं मोबाइल घ्यायला आल्यासारखे आत शिरलो. 'काका, लेटेस्ट काय आहे?'

'लायसन्स?'

'अजून नाही.'

काकांनी चष्मा वर सरकवला. 'कुठून आलात?' 'वाशी.' 'मग उलट्या दिशेने आलात. आधी बेलापूरला जायचं. दुकान हे शेवटचं स्टेशन असतं, पहिलं नाही!'

हातात काही दिलं नाही, पण चहा मात्र पाजला. आणि सिनेमे बघून डोक्यात भरलेला सगळा कचरा पाच मिनिटांत साफ केला. हीरोच्या हातात असतं ते ९ एमएम पिस्तूल तुम्हा-आम्हाला मिळत नाही. ती लष्कर-पोलिसांची बोअर, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'प्रोहिबिटेड'. सामान्य माणसाची धाव ०.३२ किंवा ०.२२ पर्यंत. परदेशी माल हवा असेल तर आयात कधीच बंद झालेली. जुनी विदेशी पिस्तुलं हातोहात फिरतात ती काही लाखांना. 'त्या पैशात पनवेलला पार्किंग येतं,' काका म्हणाले.

स्टेशन दुसरं: बेलापूर

नवी मुंबईला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं १९९४ मध्ये. सीबीडी बेलापूरला त्याचं मुख्यालय आहे. शस्त्र परवान्याचा निर्णय इथे पोलीस आयुक्त घेतात. वय किमान २१ हवं. अर्ज करायचा, स्थानिक पोलीस चौकशी करतात आणि तुमच्यावर गुन्हे आहेत का, तुम्ही राहता कुठे, हत्यार ठेवणार कुठे, सगळं तपासलं जातं. पण खरा प्रश्न एकच असतो: तुम्हाला धोका नेमका कुणापासून?

शेठकडे उत्तर होतं. दुकान, माल, झवेरी बाजारच्या खेपा, सगळं कागदावर. माझ्याकडे काय होतं? 'मागून बाइक आली की भीती वाटते.' हे अर्जात कुठल्या रकान्यात लिहायचं? परतताना पाम बीच रोडवर मी गप्प होतो. एका बाजूला खाडीची तिवरं, दुसऱ्या बाजूला उंच टॉवर. सिडकोने १९७० पासून आखून-मोजून वसवलेलं हे शहर, सेक्टरला नंबर, प्लॉटला नंबर. आणि या इतक्या नीटनेटक्या शहरात मी हत्याराचा विचार करत होतो. भीती खरी होती माझी, पण तिच्यावरचा उपाय ०.३२ चा होता का?

शेठ मात्र वेगळ्याच विचारात. 'जुईनगर आठवतंय?' नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरांनी शेजारच्या गाळ्यातून भुयार खणून तिथल्या एका बँकेचे लॉकर फोडले होते. मी म्हटलं, 'भुयारातून येणाऱ्यावर तू रिव्हॉल्वर कुठे रोखणार? फरशीवर?' दोघंही हसलो. पण मुद्दा उरलाच. काही चोऱ्यांना घोडा उत्तर नसतो. तिथे सीसीटीव्ही, अलार्म आणि चांगला शेजारी लागतो.

स्टेशन तिसरं: वरळी

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याआधी शस्त्र हाताळण्याचं सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. शेठ त्यासाठी वरळीच्या रेंजवर गेला, मी सोबत प्रेक्षक म्हणून. त्याने पहिली गोळी झाडली तेव्हा कानावर संरक्षण असूनही माझ्या छातीत धस्स झालं. दहा मीटरवरचा कागद होता, न हलणारा, न ओरडणारा. शेठच्या पहिल्या सहांपैकी दोन गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत!

बाहेर आल्यावर त्याने रुमालाने कपाळ पुसलं. 'यार, दुकानात समोर गिऱ्हाईक असणार. बाजूला बाबा.' बस्स, एवढंच बोलला.

निवडायचं काय?

मग काही महिन्यांनी शेठचा परवाना आला आणि आम्ही पुन्हा काकांसमोर. या वेळी कपाट उघडलं. ही सगळी यादी मोबाइलच्या तुलनेसारखी वाटेल, पण वाचा.

'निर्भीक' : जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्याने आणलेलं हे ०.३२ रिव्हॉल्वर खास महिलांसाठी म्हणून गाजलं. वजन ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. गंमत म्हणजे ते दागिन्यासारख्या मखमली पेटीत मिळायचं. शेठला एकदम घरच्यासारखं वाटलं!

'निडर' : हे ०.२२ चं, अवघ्या २५० ग्रॅमचं, ईशापूरच्या कारखान्यातलं. आलं तेव्हा किंमत ३५ हजारांच्या घरात होती. खिशाला आणि खिशाच्या शिवणीला, दोन्हींना हलकं. पण गोळीही तशीच हलकी.

'अशनी' : हे ०.३२ पिस्तूल. चपटं, त्यामुळे शर्टाखाली दिसत नाही. पण रिव्हॉल्वरचं ०.३२ आणि पिस्तुलाचं ०.३२ यांची काडतुसं वेगळी असतात बरं का! एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

'प्रबल' : ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं ०.३२ रिव्हॉल्वर, साधारण ७०० ग्रॅमचं. जुनी देशी रिव्हॉल्वर मधोमध मोडून भरावी लागतात, याचं चक्र बाजूला उघडतं. पल्ला ५० मीटरचा सांगतात. काकांनी विचारलं, 'दुकान किती खोल आहे तुमचं?' 'बारा फूट.' 'मग पन्नास मीटरचं काय करणार? समोरच्या सेक्टरमध्ये मारणार?'

काकांचा फंडा सोपा होता. रोज बाळगायचं असेल आणि आठवड्याला सराव होणार नसेल, तर रिव्हॉल्वर बरं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर घोडा पुन्हा ओढला की पुढचं येतं. पिस्तूल अडकलं तर दोन्ही हातांनी स्लाइड ओढून मोकळं करावं लागतं. घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. दुसरं, हातात धरून बघा, ट्रिगर पूर्ण ओढला जातो का? तिसरं, काडतुसं आणि दुरुस्ती जवळपास मिळते का? आणि चौथं खास आपल्या भागातलं : खाडीची हवा! घाम, दमटपणा, त्यात चामड्याचं पाकीट ओलं राहतं. हत्यार पुसून, तेल लावून ठेवलं नाही तर एका पावसाळ्यात गंज धरतो. भरवसा कंपनी देते त्याहून जास्त तुमचं फडकं देतं.

शेवटी त्यांनी एक आठवण करून दिली. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट, जुहू. अभिनेता गोविंदा यांच्या स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्वरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. ना चोर, ना दरोडा. 'पडलं तर काय होईल, हा पहिला प्रश्न विचारा,' काका म्हणाले. 'स्वस्त-महाग नंतर.'

शेठने सहा गोळ्यांचं ०.३२ रिव्हॉल्वर घेतलं. आणि त्याच दिवशी भिंतीत बसवायची लोखंडी पेटीही. कारण घरी त्याची पाच वर्षांची पुतणी आहे, आणि तिला काकाच्या कपाटातलं चॉकलेट बरोबर सापडतं.

खरी किंमत

पहिले दोन महिने शेठ ते रोज लावायचा. नियम असा की सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. कुणाला दाखवायचं नाही, मिरवायचं नाही. वाचायला सोपं वाटतं, पण जगून बघा. मॉलच्या दारात मेटल डिटेक्टर, म्हणजे मॉल बंद. मल्टिप्लेक्स बंद. गाडीच्या डिकीत ठेवून जाणं म्हणजे चोराला आयतं ताट, म्हणून तेही बंद. शुक्रवारची आमची बिअर बंद, कारण दारू आणि हत्यार एका टेबलावर बसत नाहीत. सकाळच्या हार्बर लोकलमध्ये तर तो डबाच सोडून द्यायचा. उन्हाळ्यात सगळे टी-शर्टात आणि हा वर शर्ट घालून घामाघूम!

पण मला खटकलं ते वेगळंच. शेठ बदलला होता. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसायचा. उजवं कोपर सतत कमरेला चिकटलेलं. कुणी जवळून गेलं की गप्प. भीती जावी म्हणून घेतलेली वस्तू त्याला दिवसभर भीतीची आठवण करून देत होती.

वकील मित्राने त्याला बसवून समजावलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. हक्क पक्का आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी गेली तर 'का' याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं.

त्यानंतर शेठने हिशेब मांडला. महिन्यात माल घेऊन जायचे दिवस चार. बाकी सव्वीस दिवस काय? त्या चार दिवशी ते कमरेला, बाकी दिवस पेटीत. दुकानाला जाळीचं दुहेरी दार, अलार्म, आणि संध्याकाळी बाबांबरोबर शटर पाडायला शेजारचा मेडिकलवाला. यातला शेवटचा उपाय फुकट होता आणि बाबांना सगळ्यात जास्त धीर त्याचाच आला!

आणि मी? मी अर्ज केलाच नाही. ऑफिसची ड्रॉप कॅब धरली, गेटपर्यंत. पण घोड्याची हौस काही जाईना, म्हणून पनवेलची वाट पकडली. ऑलिम्पिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब तिथलाच, तेव्हा नेमबाजीसाठी नवी मुंबईकराला लांब जायची गरजच नाही. दहा मीटरवर लक्ष्य, मधला दहाचा ठिपका साडेअकरा मिलिमीटरचा. हातात एअर पिस्तूल, मनात काहीच नाही. ठरावीक ताकदीच्या आतल्या ०.१७७ एअर गनला परवाना लागत नाही. श्वास सोडायचा, थांबायचं, दाबायचं. तास संपतो तेव्हा खांदे मोकळे झालेले असतात. मागून बाइक आली तरी!

मित्रांनो, तुमच्याही मनात घोडा नाचत असेल तर कॅटलॉग उघडण्याआधी एक कागद घ्या. सकाळी आठ ते रात्री अकरा, तुम्ही कुठे कुठे असता ते लिहा. प्रत्येक जागेपुढे लिहा, 'तेव्हा ते कुठे असेल?' कागद भरला की मॉडेल आपोआप ठरतं. किंवा काहीच घ्यायचं नाही, हे ठरतं.

परवा संध्याकाळी आम्ही वाशीच्या मिनी सी-शोअरला गेलो होतो. तलावावर वारा होता, पोरं सायकली मारत होती. शेठ पाणीपुरीच्या गाडीवर उभा राहिला. मी हळूच विचारलं, 'आज?'

'पेटीत,' तो म्हणाला. आणि किती तरी दिवसांनी त्याने कोपर कमरेपासून सोडवलं, एका हातात द्रोण धरला, दुसऱ्या हाताने पुरी उचलली आणि भैयाला ओरडला, 'तिखा मार के!'