आगुंब्याची नागीण आणि वैशाखातले पाहुणे

उडुपीहून निघालेली बस सोमेश्वर मागे टाकते आणि आगुंब्याचा घाट लागतो. १४ अवघड वळणे चढून गाडी वर आली की हवाच पालटते. शिमोगा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यातले हे गाव तसे एवढेसे. एक रस्ता, थोडी दुकाने, पोफळीच्या बागा आणि चहूकडे घनदाट रान. शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी ‘मालगुडी डेज’ चित्रित केली ती इथेच. त्या मालिकेतले ‘दोड्ड मने’, म्हणजे मोठे घर, बघायला अजूनही लोक येतात. कोणी सूर्यास्तासाठी येतात, तर कोणी खास पावसासाठी. वर्षाला ७००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावाला ‘दक्षिणेची चेरापुंजी’ म्हणतात ते उगाच नव्हे!

पण पाऊस सुरू व्हायच्या आधी, चैत्र-वैशाखात, आगुंब्याला वेगळेच पाहुणे येतात. ते न बोलावता येतात आणि परसातल्या लाकडांच्या ढिगामागे, गोठ्याच्या कडेला, क्वचित थेट न्हाणीघरात मुक्काम ठोकतात. हे पाहुणे म्हणजे नागराज, अर्थात किंग कोब्रा. विषारी सापांमध्ये जगात सर्वांत लांब. इथले लोक त्याला ‘काळिंग सर्प’ म्हणतात. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी नागराजाच्या चार जाती वेगळ्या केल्या, तेव्हा पश्चिम घाटातल्या जातीला हेच कन्नड नाव मिळाले.

नागराज एरवी एकटा राहणारा प्राणी. मग एकाच परसात आठवडाभरात दोन-तीन नागराज कसे दिसतात? त्याचे कारण एकच. जवळपास कुठेतरी एक मादी आहे आणि तिची वेळ झाली आहे.

ही ‘वेळ झाली’ कशी ओळखायची, हाच खरा अवघड प्रश्न. मादीकडे बघून काहीच कळत नाही. तिचा रंग बदलत नाही, ती साद घालत नाही. विणीच्या दिवसांत ती कात टाकते आणि नव्या त्वचेवरचा गंध जमिनीवर तिच्या वाटेने उमटत जातो. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. नर मात्र दुभंगलेल्या जिभेने तो टिपतो, टाळूतल्या खास इंद्रियाला पोचवतो आणि माग काढत येतो. म्हणून आगुंब्यातले जाणकार मादीला न्याहाळत बसत नाहीत, ते नरांकडे बघतात. दोन नर अंगाला अंग पिळून, माना उंचावून एकमेकांचे डोके जमिनीला टेकवू पाहत असतील, तर मादी फार लांब नाही असे खुशाल समजावे. ही कुस्ती तासन् तास चालते. त्यात चावाचावी नसते. हरलेला मुकाट्याने निघून जातो.

जिंकलेल्याचे काम मात्र इथे संपत नाही. तो मादीच्या पाठीवर डोके घासतो, तिला हलकेच ढोसतो. तिची तयारी असेल तर ती थांबते, शेपटी उचलते. नसेल तर फणा काढते, फूत्कारते, निघून जाऊ पाहते. आणि इथेच तिच्या जिवाला धोका असतो. कारण नागराजाचे अन्न म्हणजे साप! धामण, नाग, चापडा आणि प्रसंगी स्वतःच्याच जातीचा साप. आगुंब्याच्या अभ्यासकांनी एका नराने गर्भार मादीला चावून ठार केल्याचे प्रत्यक्ष पाहिले आहे. दुसऱ्या नराशी तिचे मीलन आधीच झाले होते. तिची वेळ टळून गेली होती, आणि तिच्या नकाराची किंमत तिने जिवाने मोजली.

हे अभ्यासक आगुंबे वर्षावन संशोधन केंद्राचे. चेन्नईचे सर्पोद्यान उभारणारे रोम्युलस व्हिटेकर यांनी हे केंद्र २००५ मध्ये सुरू केले. २००८ पासून इथे काही नागराजांच्या शरीरात छोटे रेडिओ बसवून त्यांच्यामागे रानोमाळ हिंडण्याचे काम सुरू झाले. भर पावसात, जळवा काढत! सापांच्या खासगी आयुष्याबद्दल आज जे कळते, त्यातले पुष्कळसे अशा पायपिटीतून आले आहे.

परदेशात हीच गोष्ट घरातल्या घरात चालते. अमेरिका-युरोपात पुष्कळजण आफ्रिकेतला ‘बॉल पायथन’ हा लहानसा अजगर पाळतात. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातला साप घरी ठेवता येत नाही, हे बरेच आहे.) तिथले अनुभवी लोक मादीचे वय विचारतात, पण अधिक विश्वास तराजूवर ठेवतात. साधारण तीन वर्षे आणि दीड किलो वजन, हा त्यांचा ढोबळ हिशेब. ती हातावरून सरकत असताना पोटाखाली बोटे अलगद धरली तर आतली वाढणारी अंडी मण्यांच्या माळेसारखी लागतात. वजनाला एवढे महत्त्व का? कारण पोटात अंडी असताना पुष्कळ माद्या महिनोन् महिने अन्नाला तोंड लावत नाहीत. अंगात साठा नसलेली मादी घाईने नराजवळ सोडली, तर कधी अंडी अडतात, कधी तीच खंगते.

आगुंब्याच्या रानात हा तराजू कोणी लावत नाही, पण हिशेब तोच आहे. मीलनानंतर साधारण दोन महिन्यांनी नागीण घरटे बांधते. हो, घरटे! शरीराच्या वेटोळ्याने ती पाचोळा ओढून आणते, दाबून ढीग रचते, आत अंडी घालते आणि वरून पुन्हा पाने लोटते. सापांमध्ये असे घर बांधणारी ही एकटीच. ढीग इतका घट्ट रचलेला असतो की आगुंब्याचा तो भयंकर पाऊस कोसळत असतानाही अंडी बुडत नाहीत. मग ती वर पहारा देत बसते, आणि तेही जवळजवळ उपाशीपोटी. वर्षभर पोटभर खाल्लेली मादीच हे निभावू शकते.

आता परसात नागराज बघून धास्तावलेल्या घरमालकाचा विचार करा. तो म्हणणार, ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा.’ त्याचे काय चुकले? घरात लेकरेबाळे आहेत. पण लांब सोडलेला नागराज आपल्या मुलखातल्या सापापेक्षा कितीतरी अधिक भटकतो, असे रेडिओच्या अभ्यासात दिसले. आणि पोटात अंडी असलेल्या मादीपाशी वेळ थोडा असतो. अनोळखी रानात ती पाऊस पडायच्या आत जागा कुठे शोधणार? म्हणून केंद्राचे लोक शक्यतो साप उचलत नाहीत. ते येतात, बसतात, घरच्यांना समजावतात. चार दिवस मुलांना परसात पाठवू नका, कुत्रा बांधून ठेवा, मादी गेली की नरही जातील. साप घरातच शिरला असेल तर पिशवीत घेऊन जवळच्याच रानात सोडतात. मोबाइलवर चित्रफीत काढायला जमलेली गर्दी पांगवणे हे त्याहून कठीण काम.

नागराज आपल्याकडेही आहे, तिलारीच्या खोऱ्यात आणि गोव्याच्या रानांत. तिथल्या बागायतदारांनी आगुंब्याच्या शेजाऱ्यांशी एकदा बोलायला हवे. काळिंग सर्पाला मारायचे नाही हे त्यांना आजीनेच शिकवलेले असते, त्यामुळे अर्धे काम आधीच झालेले असते. परसाजवळ घरटे सापडले तर केंद्राला निरोप जातो, भोवती जाळी लागते आणि शेजारच्यांना ताकीद मिळते.

श्रावणाच्या आगेमागे अंडी फुटतात. आई त्याआधीच निघून गेलेली असते. काळ्या अंगावर पांढरट पट्टे असलेली हातभर पिल्ले एकेक करून पाचोळ्यातून डोके वर काढतात. जन्मतःच विषारी. नागपंचमीला घराघरांत पाटावर नाग रेखाटले जात असतात तेव्हा ती ओल्या रानात पांगलेली असतात.