हिवाळ्यातली पहिली किक

खानदेशातल्या भडगावच्या दुचाकी मेकॅनिकचा हिवाळा दिवाळीनंतर सुरू होतो, आणि सुरू होतो तो तक्रारीनेच. "सकायले गाडी चालू व्हत नही, भाऊ." दूध घालणारे, कजगाव स्टेशनला पहाटेची गाडी पकडणारे, रात्रीच्या लाईटवर मळ्यात पाणी भरायला निघालेले, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. दुपारी एका किकमध्ये उचलणारी गाडी पहाटे पाय दुखेपर्यंत किका खाते. दोष कोणाचा, हेही गिऱ्हाईक ठरवूनच आलेलं असतं: पेट्रोलमधल्या इथेनॉलचा.

तो दोष अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा शोधण्यात मेकॅनिकची खरी कारागिरी.

पेट्रोल पातळ असताना पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ. पेट्रोल म्हणजे हलक्या-जड घटकांचं मिश्रण, आणि त्यातले हलके घटक थंडीतही उडतात. इथेनॉल मात्र एकच पदार्थ. ते ७८ अंशांना उकळतं आणि साधारण १३ अंशांच्या खाली त्याची पेट घेण्याइतकी वाफच होत नाही. जानेवारीत खानदेशात पारा १० अंशांच्याही खाली उतरतो, म्हणजे निव्वळ इथेनॉलवरची गाडी इथे पहाटे हटून बसणारच. पण पंपावर मिळतं ते ई-२०. त्यात ८० टक्के पेट्रोल आहे आणि पहिल्या ठिणगीला पेट घ्यायला ते पुरतं.

मग अडतं कुठे? एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. ई-२० चा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. शिवाय वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या जवळजवळ अडीच पट उष्णता ओढून घेतं, त्यामुळे गार इंजिनात आत जाणारी हवा आणखी गार होते. जुन्या कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. इंधन सोडणाऱ्या जेटचं भोक होतं तेवढंच राहतं आणि मिश्रण लीन, म्हणजे इंधनाला कमी, पडतं. तापलेलं इंजिन ते सोसतं, गारठलेलं सोसत नाही.

म्हणून जाणता मेकॅनिक कार्बोरेटरला हात लावण्याआधी बाकीचं इंजिन तपासतो. प्लग काढून बघतो: काळा, ओला की पांढरा? गॅप किती? इंजिन पूर्ण गार असताना टॅपेट तपासतो, कारण घट्ट झालेला टॅपेट कॉम्प्रेशन खातो आणि ते पहाटेच कळतं. एअर फिल्टर झटकतो. एवढ्यावरच कितीतरी गाड्या सुटतात, आणि बिचारं इथेनॉल निर्दोष ठरतं.

सुटली नाही, तर कार्बोरेटर खोलायचा. त्याच्या वाटीच्या तळाशी कधी पांढरट पूड सापडते: ओलावा धरलेल्या इंधनाने धातू खाल्ल्याची खूण. फ्लोटच्या सुईचं रबरी टोक फुगलेलं असतं. मग स्लो जेट काढून उजेडाकडे धरायचा. केसाएवढं भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. घाईतला मेकॅनिक त्यात तार घालतो. चांगला कधीच घालत नाही, कारण पितळ मऊ असतं आणि भोक एकदा मोठं झालं की परत लहान होत नाही. क्लीनर आणि हवेचा दाब, बस्स.

त्यानंतर मिश्रणाचा स्क्रू, आणि इथे भले भले फसतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो. आत फिरवला की मिश्रण रिच, म्हणजे इंधनाने दाट, होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो इंधन सोडतो; बाहेर काढला की रिच. दोन गाड्यांवर एकच हात चालवला तर दुसरी हमखास बिघडते. स्क्रू कमी पडला तर स्लो जेट एक नंबर मोठा टाकावा लागतो.

हे सगळं दुपारी करून गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करण्यात अर्थ नसतो. गाडी रात्रभर उघड्यावर ठेवून पहाटे पहिली किक स्वतः मारली, तरच काम झालं की नाही ते कळतं. गिऱ्हाइकालाही एक शिकवावं लागतं: चोक पूर्ण ओढा आणि रेस अजिबात देऊ नका. रेस पिळली की स्लो जेटवरची ओढ तुटते आणि चोक वाया जातो.

खानदेशाच्या शेजाराला या इंधनाची ओळख तशी जुनी आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यातलं एक ठिकाण मनमाड, कजगावच्याच रेल्वेमार्गावरचं. ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. आता इथेनॉल उसाइतकंच मक्यापासूनही होतं, आणि मका तर इथल्या शिवारातलं हुकमी पीक.

निव्वळ इथेनॉलवर गाड्या चालवणाऱ्या ब्राझीलने थंडीवर उपाय काढला तो असा: बॉनेटखाली पेट्रोलची छोटी वेगळी टाकी. आधी पेट्रोलवर चालू करायचं, मग इथेनॉल. इथल्या गिरणा नदीकाठच्या जुन्या शेतकऱ्याला हे नवं नाही. पेट्रोलवर चालू करून तापल्यावर रॉकेलवर टाकायचे पंप त्याने वापरलेत. २००९ मध्ये ब्राझीलमध्ये इंधन आधी तापवून देणारी व्यवस्था आली आणि ती टाकी हळूहळू जाऊ लागली. आपल्याकडे जास्त इथेनॉलवरही चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या वाढल्या, तर भडगावच्या मेकॅनिकला तेही शिकावं लागेल.

इंजेक्शनच्या गाड्यांना चोक नाही म्हणून त्या सुटल्या असं नाही. चालू करताना ऑक्सिजन सेन्सर गारच असतो. तेवढा वेळ ईसीयू, म्हणजे इंधन मोजून देणारा गाडीचा संगणक, आधी भरलेल्या हिशेबावर चालतो, आणि तो हिशेब कमी इथेनॉलचा असेल तर गाडी अडखळते. चावी फिरवून गाडीतल्या इंधन पंपाचा आवाज थांबेपर्यंत दम धरावा, मग सेल्फ मारावा. बॅटरी चांगली हवी.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० मुळे जुन्या दुचाकींची इंधन-कार्यक्षमता ३-४ टक्के घटेल असा अंदाज होता. अंदाज छापला, तसे जुन्या मॉडेलांचे जेटचे नंबर आणि स्क्रूचे फेरेही मराठीत छापून तालुक्या-तालुक्यातल्या गॅरेजांत पोहोचायला हवे होते. कंपन्यांकडे आकडे मोजायची साधनं आहेत; मेकॅनिकला तेच आकडे गिऱ्हाइकाच्या गाडीवर चाचपडत शोधावे लागतात. अजूनही उशीर झालेला नाही. रस्त्यावर कार्बोरेटरच्या गाड्या भरपूर आहेत, आणि त्यांचे मालक नवी गाडी घेणाऱ्यांतले नाहीत.

तोवर गाडी महिनाभर शेडमध्ये उभी राहिली असेल, तर किक मारण्याआधी वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून शिळं पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवावं. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करावी.